बांगडीच्या मापाचं घड्याळ

बांगडीचं माप पंजाचं असतं, मनगटाचं नसतं. हे बाईला कुणी शिकवावं लागत नाय. कासारीण आपला हात मांडीवर घेती, अंगठा आत मुडपती, बोटांची चुंबळ करती आन गाठी दाबत दाबत बांगडी चढवती. पंजा वलांडून गेली की झालं. मंग ती मनगटावर ढिली का फिरंना, तिथं कोण बघतंय. माझा पंजा कामानं रुंद झालेला, म्हून मला अडीचची बांगडी लागायची. मनगट केवढं हाय ते मला बी कधी ठावं नव्हतं. बांगड्यांच्या आत असायचं ते.

आमच्या मालकांना तर कुठून ठावं असणार.

मालक सायखेड्याला कांदा मार्केटात हमाल व्हते. गोण्या उचलून उचलून मनगट असं झालेलं की माझ्या मुठीत मावायचं नाय. त्यांच्या हातात चामड्याच्या पट्ट्याचं घड्याळ असायचं, ते बी अगदी टोकाच्या भोकात कसंबसं बसायचं. घड्याळ काढलं की त्या जागी पांढरा वळ दिसायचा. बाकी सगळा हात काळा.

मी द्राक्षाच्या बागांत जायची, टोळीबरोबर. घड विरळायचं काम. मांडव डोक्याच्या वर, म्हून दिवसभर हात वर धरायचे. बांगड्या सरकून कोपरापाशी येऊन बसायच्या. आम्ही बाया त्या मुद्दामच वर सारून घ्यायचो, म्हंजे मण्यात अडकत नाय. आमचे मोबाईल मुकादम बांधावर पिशवीत ठेवायला लावायचा. टाइम विचारायचा तर त्यालाच.

"किती वाजले रं भाऊ?"

"आत्ता तर आलाय मावशी. लय टाइम हाय अजून."

"तुझं घड्याळ चालतंय का बसलंय?"

"घड्याळ चालतंय. तुमचे हात चालत नाय."

"आरं, पोटात कावळे कोकलायला लागले. ते काय खोटं बोलतेत?"

सगळ्या बाया हसायच्या आन तो बी हसायचा, पण सुट्टी काय लवकर करायचा नाय. एक दिवस माझी संध्याकाळची गाडी गेली त्याच्यापायी. चालत आले. घरी येऊन मी बडबड केली. मालक भाकरी खात व्हते. त्यांनी निस्तं ऐकून घेतलं. कमी बोलायचे.

मंग एकदा कसल्यातरी कामाला ते नाशिकला गेले आन येताना डबी घेऊन आले. चुलीपाशी ठेवली. म्हणले, "हे घे. आता मुकादमाला विचारायचं नाय."

आत बाईमाणसाचं घड्याळ. बारकीशी गोल तबकडी, पांढरी, आन साखळीचा पट्टा, चांदीवानी चमकणारा. मला आकडे येतात, दोन यत्ता शिकलेली हाय मी. काटे त्यांनीच शिकवले व्हते, लग्नानंतर.

हातात घातलं, कडी लावली, हात वर केला, तर घड्याळ सर्रकन कोपरापाशी.

"अहो, हे बाईला आणलं का म्हशीच्या शिंगाला?"

ते घास तसाच हातात धरून बघत राहिले. म्हणले, "असं कसं? मी तर माप घेऊन गेल्तो."

"कशाचं माप?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातनं माझी बांगडी काढली. कोनाड्यात पडलेली जुनी बांगडी, हिरवी, अडीचची. तीच दुकानात नेऊन दाखवली व्हती. दुकानदार म्हणला, काका, मनगट आणायला पाहिजे. हे म्हणले, मनगट सायखेड्याला हाय, ते कसं आणू? बांगडी आणलीय, एवढंच करून द्या. मंग त्यानं बांगडीएवढा पट्टा करून दिला.

मी म्हणलं, "बांगडी हातातनं जायला मोठी लागती. मनगटाला एवढी नाय लागत. बाईमाणसाला इचारायचं तरी."

त्यांनी माझा हात धरला. बांगड्या वर सारल्या आन मनगटाला अंगठा-बोटाचा वेढा घातला. बोटं एकमेकावर चढून वर उरली. म्हणले, "एवढं बारीक हाय? इतकी वर्षं झाली, मला ठावंच नव्हतं."

मी म्हणलं, "भाकरी गार व्हतीय."

पट्ट्याच्या साखळीतल्या कड्या काढून तो बारीक करता येतो, असं दुकानदारानं सांगितलं व्हतं. नाशिकला जाऊ तव्हा दोघं जाऊ, कमी करून आणू, असं ठरलं. मंग कांद्याचं सुरू झालं. कांदा सरला तर बागांचं काम आलं. नाशिक काय लांब नाय, पण काम सोडून जाणं व्हत नाय माणसाचं.

मी घड्याळ तसंच घालायची. कोपराच्या खाली सारून घेतलं की तिथं गच्च बसायचं. बाया म्हणायच्या, "काय गं, वाकी केली व्हय दंडात?" मी म्हणायची, "वाकी म्हणा नायतर काय म्हणा. जेवायचा टाइम झाला, चला." मुकादमाला माझी कटकट वाटायला लागली. मला बरं वाटायचं.

त्याच साली मालकांचं घड्याळ एक भोक आत सरकलं.

माझ्या ध्यानात आलं नाय लगेच. माणूस रोज डोळ्यापुढं असला की वाळत चाललेला दिसत नाय. पट्ट्याचं टोक तेवढं लांब लटकायला लागलं. मंग अजून एक भोक. मी म्हणलं, जेवत नाय तुम्ही नीट. ते म्हणले, उन्हाळा हाय. उन्हाळा गेला. भोकं सरली. मंग त्यांनीच चुलीत दाभण तापवून पट्ट्याला नवं भोक पाडलं, तबकडीच्या अगदी जवळ. चामड्याचा जळका वास घरभर झाला. मी उठून बाहेर गेले. कपडे बडवायच्या दगडापाशी जाऊन उभी राहिले जराशी. मंग आत आले.

एक दिवस मार्केटात गोणी उचलताना ते घड्याळ हातातनं गळालं आन फरशीवर फुटलं. गोणी बी खाली आली. बरोबरच्या लोकांनी रिक्षात घालून घरी आणलं. पोराला फोन केला. पोरगा नाशिकला कंपनीत कामाला हाय, तो आला आन त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तपासण्या झाल्या. पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी पोराला बाजूला घेतलं, मला नाय. पोराचं तोंड बघून मला जे कळायचं ते कळलं.

औषधं टायमावर द्यायची व्हती. ह्यांच्या हातात घड्याळ नाय, त्यांना चैन पडंना. आयुष्यभर टाइम बघायची सवय. मी माझं घड्याळ काढून दिलं. म्हणलं, तोवर हे घाला.

आणलं व्हतं तव्हा गंमत म्हून त्यांनी ते आपल्या हाताला लावून बघितलं व्हतं, तर कडीची दोन टोकं एकमेकाला भेटत सुद्धा नव्हती. आता कडी टक्कन बसली. ना ढिली, ना घट्ट. तोलून मापून केल्यासारखी.

हात पुढं धरून ते हसले. म्हणले, "बघ. मी माझ्याच मापाचं आणलं व्हतं."

मी बी हसले. हसले नसते तर त्यांना कळलं असतं.

दवाखान्यात एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताला ते बाईचं घड्याळ. सिस्टर म्हणायची, "काढून ठेवा बाबा, हरवंल." ते म्हणायचे, "राहू द्या ताई, आमच्या मंडळींचं हाय, मी राखण करतोय." शेजारच्या खाटंवरचे लोक टाइम विचारायचे. त्यांना लय हौस यायची सांगायला.

मला मात्र एकच म्हणायचे. "घरी गेलो की कड्या काढून घे. तुझ्या मापाचं कर."

मी म्हणायची, "तुम्ही बरं व्हा. मंग दोघं जाऊ."

"तू जा गं. मनगट तुझं हाय, माझं काय काम तिथं?"

"आणायला गेलात तव्हा माझं काय काम नव्हतं, आता तुमचं नाय व्हय? गुमान पडा."

कड्या काढल्या असत्या तर ते घड्याळ त्यांच्या हाताला परत बसलं नसतं. मला ते करायचं नव्हतं. मला वाटायचं, जोवर त्यांच्या हातात बसतंय तोवर बसू दे.

पण ते ढिलं व्हायला लागलं. आधी तबकडी खालच्या अंगाला फिरायची, ते मनगट झटकून वर आणायचे. मंग झटकायची ताकद राहिली नाय, मी फिरवून द्यायची. मी रोज करंगळी घालून बघायची. मंग दोन बोटं. मंग तीन. डॉक्टर काय सांगायचे ते पोराला. मला घड्याळ सांगायचं.

एका सकाळी ओल्या फडक्यानं त्यांचं अंग पुसत व्हते. हात पुसायला वर धरला आन फडकं मनगटावरनं बोटांकडं ओढलं, तर फडक्याबरोबर घड्याळ आलं. कडी लावलेली तशीच. पंजावरनं उतरून माझ्या हातात आलं, बांगडीसारखं. ज्या पंजानं गोण्या उचलल्या, त्या पंजाचा त्याला अडथळा सुद्धा झाला नाय.

त्यांनी डोळे उघडून बघितलं. मी परत चढवायला लागले तर मान हलवली. नको म्हणले. मी घड्याळ माझ्या हातात घातलं, वर सारलं आन अंग पुसायचं पुरं केलं. मंग फार दिवस लागले नाय.

आमच्यात मयताच्या दिवशी बाया बांगड्या फोडतात. आजकाल काही घरांत करत नाय. आमच्यात केलं. नणंदबाई व्हत्या, त्यांच्या पाठच्या भावाचं मयत, त्या तरी काय करणार. दगडावर हात धरून फोडल्या. त्याआधी घड्याळ मीच काढून कनवटीला लावलं. बांगड्या गेल्यावर मनगटाकडं बघितलं. पोरीबाळीसारखं, वल्या काडीसारखं. ह्यांनी बोटांचा वेढा घातला व्हता ती जागा. कितीतरी वर्षांनी ऊन लागलं तिला.

दहाव्याला सायखेड्याच्या घाटावर पिंड ठेवला. गोदावरीला पाणी थोडं व्हतं. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण खाली येईनात. पोरानं हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन. कावळा हलंना. नणंदबाई म्हणल्या, घराचं अर्धं राहिलेलं काम पुरं करू, काळजी करू नको रं भाऊ. हलंना. लोक उन्हात उभे राहून कंटाळले. गुरुजी म्हणले, "काही मनात राहिलं असंल त्यांच्या. आठवून बघा."

नणंदबाईंनी मला पुढं लोटलं. "तू बोल. तुझ्यातच जीव अडकला असंल त्याचा."

मी म्हणलं, "घड्याळ मापाचं करून घेते."

लोकांना काय कळलं नाय. एक कावळा उडाला, आम्हाला वाटलं आला. तो पलीकडं नदीकडं गेला. शेवटाला गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला शिवला, आन लोक जेवायला गेले.

मी तेच धरून बसले. ह्यांना ठावं असंल, ही निस्तं तोंडानं म्हणतीय, करायची नाय. आन खरंच मी केलं नाय. घरी येऊन घड्याळाची कडी लावली आन देवळीत उभं ठेवलं. गोल उभं राहतं ते. मधली जी पोकळी हाय ना, तेवढं त्यांचं मनगट व्हतं. दवाखान्यात पहिल्यांदा नेलं तव्हाचं, अजून बोलत-चालत व्हते तव्हाचं. दुसरं काय हाय माझ्याकडं त्यांचं? फोटो हाय, पण फोटोला माप नसतं. कड्या काढल्या की ते माप गेलं. मंग माझं मनगट उरलं फकस्त.

नणंदबाई दोन-तीन महिन्यांनी आल्या, त्यांच्या नजरेत आलं. म्हणल्या, "हे काय ठेवलंस समोर? पेटीत टाक. आन हातात घालू नको बाई. लोक म्हणतील, बांगड्या उतरल्या आन घड्याळ चढलं."

"मी कुठं घातलं?"

"घालशील. ओळखते ना मी तुला."

पोरगा म्हणला, "आई, तुला नवीन घेतो. लहान, तुझ्या मापाचं." मी म्हणलं, नको.

टोळीत परत जायला लागले. मुकादम तोच. "किती वाजले रं?" "लय टाइम हाय मावशी." पहिल्यासारखी चेष्टा केली नाय त्यानं, खालच्या आवाजात बोलला. मी हात वर असतानाच कोपराकडं बघितलं. तिथं काय नव्हतं. शेजारची बाई बी बघत व्हती. तिनं मान फिरवून पुढचा घड धरला.

मंग एक दिवस देवळीतलं घड्याळ बंद पडलं. सेल संपला असणार. काटे थांबलेले मला बघवंना. ते काय म्हून ते सांगता येणार नाय. नाशिकला पोराकडं गेले तव्हा पदरात बांधून नेलं आन रविवार कारंजाच्या अंगाला एक घड्याळवाला बसतो, त्याच्याकडं गेले. म्हातारा माणूस, डोळ्याला भिंग लावलेलं.

"सेल टाकून द्या निस्ता."

त्यानं सेल टाकला. काटा हलला. मंग पट्टा हातात घेऊन म्हणला, "कुणाचं हाय हे? बाईचं घड्याळ, पट्टा पुरुषाच्या मापाचा."

"माझं हाय."

"मंग असं कसं?"

मी सांगितलं. बांगडी नेली व्हती म्हून.

तो हसला नाय. म्हणला, "लय माणसं आणतात बांगडी. मी सांगतो त्यांना, सुतळी गुंडाळून आणा मनगटाला. ते म्हणतात, मंग तिला कळंल ना." थोडा वेळ भिंग पुसत बसला. "करू का कमी?"

मी पट्ट्याकडं बघत बसले. गिऱ्हाईक येऊन गेलं एक. म्हाताऱ्यानं परत विचारलं नाय. मलाच दहाव्याचं आठवलं. सगळ्या लोकांपुढं बोलले व्हते.

मी हात पुढं केला. म्हणलं, "करा."

त्यानं घड्याळ माझ्या मनगटाला लावून बघितलं. म्हणला, दोन्ही अंगानं सारख्या काढायच्या, नायतर तबकडी मधोमध बसत नाय. बारीक खिळा आन हातोडी घेऊन एकेक कडी ठोकून काढली. कड्यांच्या सांध्यात काळं मळकट बसलेलं व्हतं. साबण, घाम, अंगाचा मळ. त्यानं ब्रश उचलला.

मी म्हणलं, "ते राहू द्या."

"घाण हाय आजी."

"राहू द्या. काढलेल्या कड्या बी पुसू नका. तशाच बांधून द्या."

त्यानं माझ्याकडं बघितलं आन ब्रश खाली ठेवला. कड्या प्लास्टिकच्या बारक्या पुडीत घातल्या. घड्याळ मला घातलं आन म्हणला, "करंगळी सारून बघा आत. करंगळी गेली पाहिजे, दुसरं बोट नाय. हे खरं माप."

करंगळी गेली. दुसरं बोट गेलं नाय. मी हात वर केला, मांडवाखाली धरते तसा. घड्याळ जागचं हललं नाय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या मनगटावर मनगटाच्या मापाचं काय तरी बसलं, आन ते बघायला माझं माणूस नव्हतं.

नणंदबाई पुढच्या खेपंला आल्या. हाताकडं बघितलं, तोंड वळवलं. दिवसभर त्यावर बोलल्या नाय. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी पिशवी भरताना माझ्याकडं पाठ करून म्हणल्या, "बघ गं, किती वाजले. माझी गाडी जाईल."

मी सांगितलं. त्या गेल्या.

आता त्याला दोन हिवाळे झाले. मी अजून बागेत जाते, रोज नाय, जमंल तशी. मागच्या पंधरवड्यात घड विरळताना हात वर केला तर घड्याळ कोपराकडं आलं. मला वाटलं, कडी निघाली. कडी लावलेली व्हती. घरी येऊन करंगळी सारून बघितली. मंग दुसरं बोट बी गेलं.

पोराला सांगितलं नाय. सांगितलं की तो तपासणीला नेईल. जाऊ, ह्या बागा आटपल्या की. नाशिकला गेले की घड्याळवाल्याकडनं अजून दोन कड्या काढून आणीन. पुडी घरात हाय, तीत ह्यांच्या कड्या हायत. माझ्या बी त्यात घालून ठेवीन.

तोवर वर सारून घेते. कोपराखाली अजून गच्च बसतं.